सवतीचा राघू

सरूबाई कासारणीला हेवा करायला माणूसच लागायचं असं काही नव्हतं. शेजारणीची तुळस आपल्या तुळशीपेक्षा वीतभर उंच झाली तरी तिच्या पोटात दुखायचं. हौदावर पाण्याला गेल्यावर आपल्या आधी कुणाची घागर भरली, तर त्या घागरीला पोचा कुठं आहे ते ती घरी येईपर्यंत चारचौघींना सांगून मोकळी व्हायची. रविवार पेठेतल्या बायका तिला भिऊन असत आणि ती वळली की हसत. हसू देत. पण ज्या एका हेव्यापायी पेठेनं तिला सगळ्यांत जास्त नावं ठेवली, त्या बाबतीत मी सरूच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मेलेल्या बाईचा कुणी हेवा करतं का, असं लोक विचारायचे. विचारणाऱ्यांनी तिच्या घरी एकदा निजायला जायला हवं होतं.

पानपताला दोन तपं होत आली होती तेव्हाची ही गोष्ट. सरू पुण्याजवळच्या मांजरी गावच्या कासाराची मुलगी. रंगानं सावळी, हाताला चपळ, आणि जिभेनं त्याहून चपळ. पुण्यातल्या श्रीधरशेट कासाराला ती दुसरेपणावर दिली. श्रीधरशेटची पहिली बायको येसू छातीच्या दुखण्यानं गेली होती. मूलबाळ नव्हतं. मागं राहिलं होतं ते बांगड्यांचं दुकान, दुकानामागचं दोन खणांचं घर, आणि येसूचा राघू.

श्रीधरशेटचा धंदाच असा की दिवसभर परक्या बायकांचे हात हातात घ्यायचे. सरदारांच्या घरी जावं, ओसरीवर बसावं, नाजूक हात दाबून दाबून मऊ करावेत आणि त्यांवर बांगड्या चढवाव्यात. सरूला त्याचं काहीच वाटत नसे. गिऱ्हाइकावर जळणारी कासारीण उपाशी मरेल, एवढं तिला माहेरीच कळलं होतं. शिवाय तिनं नवऱ्याला काम करताना पाहिलं होतं. त्याचे डोळे बांगडीवर असत. नवरा जिच्याकडे डोळे लावून बसे ती दुसरीच होती.

कासाराच्या घरी बोलायची एक रीत असते. तिथं बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळही वाढवायचा. आणि श्रीधरशेटच्या घरात तर रात्री निजताना दिवासुद्धा वाढवत. विझव म्हटलेलं त्याला खपत नसे. सरूच्या माहेरी बांगडी वाढायची खरी, पण दिवा मालवत. पहिल्या रात्री अंथरूण घालून झाल्यावर तिनं लाजत विचारलं, "दिवा मालवू का?"

नवऱ्यानं उत्तर द्यायच्या आत खुंटीवरच्या पिंजऱ्यातून एका बाईचा आवाज आला.

"अहो... दिवा वाढवा!"

आणि मागून दोनदा बारीक खोकला.

सरूच्या अंगावर सरसरून काटा आला. श्रीधरशेट मात्र पिंजऱ्याकडे पाहून म्हणाला, "वाढवतो हो." उपरण्याच्या टोकानं त्यानं ज्योतीला वारा घातला आणि अंधार झाला. अंधारात सरू डोळे उघडे ठेवून पडून राहिली.

राघूला हे कुणी शिकवलं नव्हतं. येसू रोज म्हणायची, खोकायची, आणि तो ऐकायचा. ती गेल्यावर तिचं वाक्य, तिचा हेल, तिचा खोकला, सगळं त्याच्या गळ्यात राहिलं. चार वर्षं रोज रात्री हेच. सरूनं दिवा मालवू का विचारलं तर नवरा 'हूं' म्हणायचा आणि बसून राहायचा. राघू बोलला की उठायचा. खोकला ऐकेपर्यंत थांबायचा, मग वारा घालायचा. जिवंत सवत असती तर सरूनं तिच्या झिंज्या धरल्या असत्या, निदान कढी आंबट झाली म्हणून तरी भांडली असती. पाखराशी काय भांडणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि राघूही मोठा इमानी. सरूनं पेरूची फोड दिली तर आधी बोट चावायचा, मग फोड घ्यायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर श्रीधरशेटला डोकं वर करायला फुरसत नव्हती. वसुबारसेपासून सगळ्या मोठ्या घरांतून बोलावणी होती. बांगड्यांचं गाठोडं खांद्यावर घेऊन निघताना तो उंबऱ्यात थांबला.

"अगं, राघूला जप. दिवाळीचं घर, शंभर भानगडी. धूर, तेल, दिवे, मांजरं. येसू कढई चढवायच्या आधी त्याला परसात न्यायची. दारूकामाचा आवाज सुरू झाला की पिंजऱ्यावर लुगडं टाकायची."

"बरं," सरू म्हणाली.

तो गेला. कढईशी बसायचं होतं सरूला, दिवे लावायचे होते सरूला. तुझं बोट भाजून घेऊ नकोस, असं काही तो म्हणाला नाही. सरूनं पिठाच्या गोळ्याला असे काही बुक्के हाणले की करंज्या अतोनात खुसखुशीत झाल्या.

तरी तिला एक गोष्ट स्वच्छ कळत होती. राघूचं एक पीस जरी जळलं, तरी अख्खी पेठ म्हणणार की सवतीनं सूड घेतला. आणि पेठ म्हणाली ते नवऱ्याला खरं वाटणार. मग ह्या घरात तिला भाकरी मिळेल, पण जागा मिळायची नाही. राघू जगायलाच हवा होता. नुसता जगून भागणार नव्हतं, येसूनं जपला त्याहून चांगला जपला जायला हवा होता. हेव्यापायी माणसं दुसऱ्याचं वाईट करतात म्हणतात. सरूनं हेव्यापायी पाखराची अशी बडदास्त ठेवली की श्रीमंतांच्या वाड्यातली हरणं जळावीत.

आधी ती परसाच्या भिंतीपलीकडे अमिनाबीकडे गेली. अमिनाबीचा नवरा दादामियाँ दारूकाम करायचा. भुईनळे, बाण, चंद्रज्योती, सगळ्या पेठेचा आनंद त्याच्या अंगणात वळला जायचा. अमिनाबी त्या वेळी तिच्या कोंबड्या एकेक करून डालग्यात भरत होती.

"ह्यांना कुठं निघालीस घेऊन?"

"बहिणीकडे, नदीपल्याड. आमच्या मियाँचं दारूकाम लोक हौसेनं उडवतात, आणि माझ्या कोंबड्या पुढं आठ दिवस अंडं देत नाहीत. विचारलं तर म्हणतात, सरकारात तारीफ झाली. तारीफ काय तळून खायची?" अमिनाबीनं डालग्याचं तोंड बांधलं. "तुझ्या राघूचं विचारायला आलीस ना? पाखराचं काळीज वालाच्या दाण्याएवढं असतं, सरूबाई. सगळ्यांत आतल्या खोलीत ठेव. वर ओलं फडकं टाक, धूर आत जायचा नाही. पण मिट्ट काळोखात ठेवू नको, आवाजाला दचकून पंख मोडून घेईल. लहानसा दिवा ठेव, लांब. बाहेरचं थांबलं आणि पाखरू निवलं, की मग दिवा विझव. उगाच जळता ठेवू नको."

"येसू लुगडं टाकायची," सरू म्हणाली.

"सुकं?"

"ते न्हाई ठाऊक."

"सुकंच टाकत असेल," अमिनाबी म्हणाली. तिला सरू चांगली ठाऊक होती. सरूचा चेहरा एकदम खुलला.

मग सरूनं काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. भिंतीला द्यायचा हरताळ कालवलेला होता, तो पिवळा रंग विषारी म्हणून गाडगं उचलून माळ्यावर ठेवलं. लाख वितळवायची शेगडी ओसरीवर नेली. मांजरासाठी परसाच्या मोरीला फळी लावली. कढई चुलीवर असेतो पिंजरा पेरूच्या झाडाला, कढई उतरली की घरात. जाता-येता राघूला ती पुटपुटत ऐकवायची, "तुझ्या येसूनं केलं होतं का रं एवढं?" राघू मान वाकडी करून तिच्याकडे पाहायचा आणि काही बोलायचा नाही.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सरूचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको शालू मांजरीहून भाऊबिजेसाठी आली. शालू लग्न होऊन नुकतीच घरात आलेली, मूळची भीमेपलीकडची, दूरच्या गावची. कामाला वाघीण, सांगितलेलं करणारी, आणि सांगितलं त्यापेक्षा थोडं जास्तच करणारी. सरूला तिच्या लांब केसांचा पहिल्या दिवशीच हेवा वाटला, पण सण असल्यामुळं तिनं तो गिळला.

लक्ष्मीपूजन दुकानात होतं. बांगड्यांच्या माळा पाटावर मांडल्या होत्या, शेजारपाजार जमला होता. राघू मागच्या कोठीत, ओल्या फडक्याखाली. कोपऱ्यात लांब एक पणती, अमिनाबीनं सांगितलं तश्शीच. बाहेर दोनचार बाण उडाले, तोटे वाजले, मग जरा शांत झालं. सरू नवऱ्याशेजारी पूजेला बसली होती. कोठीतली पणती मालवायला उठता येईना, तेव्हा तिनं शालूला हाक मारायचं ठरवलं.

आता इथं लक्ष द्या. चार वर्षांत सरूनं त्या घरचा तो शब्द एकदाही तोंडातून काढला नव्हता. ती मालव म्हणायची, हट्टानं म्हणायची. वाढव हा येसूचा शब्द. सवतीचं उष्टं ती कशाला खाईल? पण त्या संध्याकाळी नवरा जरीकाठी उपरणं घेऊन शेजारी बसला होता, आणि पाच माणसांत तिच्या करंज्यांचं कौतुक झालं होतं. तिला वाटलं, एकदा, फक्त एकदा हा शब्द ह्यांनी आपल्या तोंडून ऐकावा. बघावं, मान वळते का.

"शालू," तिनं मोठ्यानं हाक दिली, "कोठीतला दिवा वाढव गं!"

श्रीधरशेटची मान वळली. त्यानं सरूकडे पाहिलं, चांगले दोन श्वास पाहिलं. सरूनं खाली पाहून अक्षता सारख्या केल्या. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

आत शालूनं दिवा वाढवला. भीमेपलीकडे वाढवणं म्हणजे मोठं करणं. वन्संनी सणाचा दिवा मोठा कर म्हणून सांगितलंय, मग हात आखडता कशाला घ्या? तिनं पणतीऐवजी मोठी समई आणली, तेल काठोकाठ घातलं, पाच वाती लावल्या, आणि पाखराला उजेड दिसावा म्हणून ती पिंजऱ्याला लागून ठेवली. मग कवाड ओढून घेऊन आरतीला बाहेर आली. फडकं तोवर सुकत आलं होतं.

आरतीच्या मध्यात सरूच्या नाकाला कापूस जळाल्याचा वास आला. कापराचा वास वेगळा, हा वेगळा. ती उठली, माजघरातून धावली, कोठीचं कवाड ढकललं. आत धूर भरला होता. फडकं पेटलं होतं, वेताच्या काड्या तडतडत होत्या, आणि आत राघू आपटत होता.

ती तिथं उभी राहिली. एकच श्वास, पण उभी राहिली. हे कुणी पाहिलं नाही, तरी सांगायला हवं. मागं आरतीचा टाळ जोरात वाजत होता. आणखी थोडं थांबलं की झालं असतं, आणि आग तिनं लावलीही नव्हती. मग तिला वाटलं, येसू एकदा मेली तर चार वर्षं घरात आहे. आता अशी जळून मेली तर ही आपल्याला सरणापर्यंत सोडायची नाही. सरूनं दोन्ही हातांनी पेटतं फडकं ओढून काढलं, पिंजरा छातीशी धरला आणि परसात पळाली. भिंतीवरून अमिनाबीनं पाण्याची घागर उपडी केली, सरूवर आणि पिंजऱ्यावर.

राघू जगला. शेपूट जळालं होतं, डोळे मिटलेले होते, पण छाती हलत होती.

मागोमाग सगळी पेठ परसात आली. शालू ओक्साबोक्शी रडत होती. "वन्सं म्हनल्या, दिवा वाढव! म्या वाढवला! माझं काय चुकलं?"

निम्मे लोक हसले. उरलेल्या निम्म्यांना हसू आलं नाही. एक म्हातारी दुसरीच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "चार वर्षं मालव म्हणणारीला आजच बरा वाढव आठवला." पुण्यात कुजबुज अशीच करतात.

श्रीधरशेटनं सरूच्या हातातून पिंजरा घेतला, मांडीवर ठेवला आणि उपरण्यानं पाखरू पुसत बसला. सरूच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. त्यांवर कोरफडीचा गर अमिनाबीनं लावला.

राघू पुढं खाऊ लागला, शीळही घालू लागला, पण बोलला नाही. पाडवा गेला, भाऊबीज झाली, शालू रडून रडून सासरी गेली, राघू मुकाच. रात्री श्रीधरशेट अंथरुणावर बसून पिंजऱ्याकडे पाहायचा. दिवा तेल संपेपर्यंत जळायचा. दुसरी कुणी असती तर सुंठीवाचून खोकला गेला म्हणून देवाला पेढे ठेवून आली असती. सरूनंही पहिल्या रात्री तसंच म्हणून पाहिलं. दुसऱ्या रात्री तिनं आपल्या आवाजात म्हटलं, "अहो, दिवा वाढवा." त्यानं ऐकलं सुद्धा नाही. तो बोलक्या राघूकडे पाहायचा तेव्हा निदान झोपायचा तरी. मुक्या राघूपुढं तो बसूनच राहिला. आता सरूला त्या मुकेपणाचाही हेवा वाटायला लागला. आणि पेठ म्हणत होती तेच त्याच्या मनात आहे, हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

तेव्हा तिनं ठरवलं, ह्याला बोलका करायचा. दुपारी नवरा बाहेर गेला की ती पिंजरा पुढ्यात घेऊन बसायची. "अहो, दिवा वाढवा. म्हण. म्हण की मुडद्या." राघू ढिम्म. आपल्या आवाजात तो ओळखत नाही, हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं. चौथ्या दिवशी तिनं दार लावून घेतलं, आणि येसूसारखं म्हणून पाहिलं.

'अहो'नंतर थोडं थांबायचं. 'वाढवा'तला शेवटचा वा जरा ओढायचा, दमलेल्या बाईनं ओढावा तसा. मग खोकला, पहिला मोठा, दुसरा त्याहून बारीक, घशातच अडलेला. सरूनं येसूला जन्मात पाहिलं नव्हतं. पण चार वर्षं रोज रात्री दात-ओठ खात ज्या आवाजाचा कण न् कण ऐकला, तो तिच्या गळ्यातून जसाच्या तसा बाहेर पडला. भिंतीपलीकडून अमिनाबीचा "या अल्ला" ऐकू आला. राघूनं मान वर केली आणि सरूकडे एकटक पाहिलं. ती रोज म्हणू लागली.

एके दिवशी श्रीधरशेट दुपार कलतानाच परतला; एका घरी हिरव्या बांगड्या कमी पडल्या होत्या. दुकानातून आत येताना त्यानं ऐकलं.

"अहो... दिवा वाढवा."

आणि खोकला.

त्याच्या खांद्यावरचं गाठोडं खाली पडलं. आतल्या बांगड्यांचा चुरा झाल्याचा आवाज आला. कोठीचं दार धाडकन उघडलं.

"येसू!"

सरूनं वर पाहिलं. दारात तिचा नवरा उभा होता आणि त्याचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता असा होता. डोळे भरलेले, ओठ उघडे, विशीतल्या पोरासारखा. ह्या चेहऱ्यानं तो येसूकडे पाहायचा तर. चार वर्षं ती राघूवर जळत होती, आवाजावर जळत होती. खरं जळण्यासारखं काय होतं ते तिला आज दिसलं. मग त्याला कोठीत सरू बसलेली दिसली, आणि तो चेहरा हळूहळू गेला. तो कसा गेला तेही तिनं पाहिलं.

त्याचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. तळव्यांवर नवी, गुलाबी, सुरकुतलेली कातडी आली होती. बांगड्या चढवणाऱ्या माणसानं ते हात पहिल्यांदाच नीट पाहिले. पेठ काय म्हणत होती आणि इथं काय चाललं होतं, हे त्याला त्या वेळी उमगलं असावं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. "एकदाच."

सरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून उभी राहिली.

"म्हणते की. पर आधी माझं नाव घ्या."

"काय?"

"नाव. चार वर्सं अगं हाय, ऐकलंस का हाय. तिचं दारातनं वरडून घेतलंत. माझंबी हाय एक, आईबापानं ठेवलेलं."

श्रीधरशेटनं मागं वळून दुकानाकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. मग गिऱ्हाइकाला बांगडीचा रंग सांगावा तशा आवाजात तो म्हणाला, "सरू."

सरू त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिनं मान हलवली.

"असं न्हाई," ती म्हणाली. "मघा घेतलंत तसं."

श्रीधरशेटनं घसा साफ केला आणि पुन्हा प्रयत्न केला.